न पाहता लावलेली हजेरी

४ नोव्हेंबर, शनिवार

शाकिरनं आज बी हजेरी लावली नाही! सकाळी साडेनऊले माह्या नव्या रीलची बेल वाजवली ग्रुपवर. पाव घंट्यात तीस जणाईचे दिल अन् कमेंट येऊन पडले. एकटा हाच गायब. आठ दिवस झाले, असंच चालू आहे.

बत्तीस जणाईचा ग्रुप आमचा. कोणी भाज्या दाखवते, कोणी भजन म्हणते, शाकिर शेतीचं सांगते, मी कंडक्टरमामाचे विनोद करतो. कोणाच्या घरी लगन असो का मैत असो — नव्या व्हिडिओची बेल ग्रुपवर वाजली का पंधरा मिनिटात एक दिल अन् कमीतकमी चार शब्दाची कमेंट पडलीच पाह्यजे. पाहाले टाइम नसला तं न पाहता लावा, पण लावा! सुरुवातीलेच रेटा भेटला नाही तं व्हिडिओ जाग्यावरच बसतो, हे समद्याईले मालूम आहे. नियम मीच काढला. एकोणतीस वर्षं यष्टीत कंडक्टरकी केली, शिस्त मले कोणी शिकवू नये.

अन् ह्या पोट्ट्याले बियाण्याच्या कंपनीनं इचारलं काय, एका व्हिडिओले लाखभर माणसं आली काय — मामाले इसरला! पुष्पा म्हणे, "अहो, त्याच्या पराटीत कापसाची वेचणी चालू असन." वेचणी! अंगठा तं रिकामा असते न?

५ नोव्हेंबर, रविवार

आज बी नाही. उद्या त्याच्या व्हिडिओखालीच चार लोकात हासडतो त्याले.

६ नोव्हेंबर, सोमवार

हासडाले म्हणून उघडला. त्याचा शेवटचा व्हिडिओ, अठ्ठावीस ऑक्टोबरचा. नाव दिलेलं — 'पराटीबद्दल मनातलं'. एकवीस मिनिटाचा.

मी पूर्ण पाह्यला. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

सुरुवातीचं एक मिनिट नेहमीसारखंच. वावरात उभा, गळ्यात दुपट्टा, "राम राम, सलाम मंडळी." मंग बोलणं बंद. पराटीचं एक बोंड तोडलं, फोडलं, आत गुलाबी अळी. दुसरं तोडलं. अळी. तिसरं. असे सहा मिनिटं तो नुसते बोंडं फोडत राह्यला, एक शब्द नाही. मले वाटलं आवाज गेला का काय मोबाईलचा. आवाज होता — बोंड फुटल्याचा येत होता.

मंग तो बोलला. म्हणे, "मी सांगतलं होतं या बियाण्याले अळी शिवणार बी नाही. माह्या भरोशावर किती जणानं लावलं असन, मले गिनती नाही. रोज फोटो येतात. शिव्या येतात. त्या मी खातो, त्या माह्याच आहेत. पण मले आता माणसाचं तोंड पाहाची हिंमत होत नाही. जेवण जात नाही. वाटते, मी नसतो तं बरं झालं असतं."

अन् पंधराव्या मिनिटाले — माह्यं नाव! "शेषरावमामू, दुसरं कोणी पाहो न पाहो, तुम्ही शेवटपर्यंत पाहसान हे मले मालूम आहे. मले एक फोन करा. मी आपणहून लावतो तं तोंडातून आवाज निघत नाही."

खाली कमेंट पाह्यल्या. शिव्यावाल्याईच्या तं होत्याच. काही त्याच्या जातीधर्मावरून, त्या इथी लिहीत नाही. पण त्याच्या वर, समद्यात पह्यले, आमच्या एकतीस हजेऱ्या! "एक नंबर भावा, असंच चालू ठेव!" "खतरनाक माहिती दिली दादा, वाट पाहतो पुढच्या भागाची." अन् तिसरी माह्यी —

"लय भारी भाच्चा! हसून हसून पोट दुखलं!"

मोबाईलमंधी बसवून ठेवलेलं वाक्य आहे ते. नुसता 'ह' दाबला का पूर्ण येते. मी त्या दिवशी जेवत होतो. डाव्या हातानं दाबला.

७ नोव्हेंबर, मंगळवार

फोन बंद. सकाळपासून बावीस डाव लावला. आरोहीले फोन केला, खामगावची, वांग्याच्या भाजीवाली, ग्रुपची कारभारीण तीच. म्हणलं, तू पाह्यला का शाकिरचा तो व्हिडिओ? "हाव न मामा, कमेंट केली न मी." पाह्यला का, म्हणलं, पाह्यला का? तं म्हणे, "नाही मामा." मी तिच्यावर खेकसलो. उगाच खेकसलो. नियम कोणाचा?

पुष्पाले सांगतलं. ती भाकर थापत होती.  म्हणे, "गेल्या साली लोकं व्हिडिओखाली तुम्हाले म्हातारचळ लागला म्हणले तेव्हा तुम्ही चार दिवस अंथरुणात तोंड खुपसून पडले होते. कोण आलं होतं? सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर गाडी हाणत, सीताफळं घेऊन, तोच आला होता न?"

हाव. तोच आला होता. दिवसभर बसला. "मामू, शिव्या देणारा बी पाहतेच न," म्हणे, "न पाहणाऱ्यापेक्षा बरा." मी त्यावर पोटभर हासलो होतो.

उद्या पह्यल्या गाडीनं निघतो.

८ नोव्हेंबर, बुधवार

वरवट बकालहून शेगाव, शेगावहून खामगाव, तिथून पिंपळगाव राजा. तीन गाड्या. सारी जिंदगी गाडीत उभं राहून गेली, आज बसाले जागा असून बसवलं नाही.

रस्त्यानं दोन्ही बाजूले पराटी. वरून पाह्यलं तं काही कळत नाही, हिरवीगार. बोंड फोडलं तरच कळते. ह्या पोरानंच शिकवलं मले हे.

दार मुबीनानं उघडलं, शाकिरच्या बायकोनं. पह्यले मी तिचं तोंड पाह्यलं. मनात म्हणलं, बाई, काही वाईट सांगू नको. ती म्हणे, "बैठो मामू. आहेत ते. आतल्या खोलीत आहेत."

आहे! मी ओट्यावरच बसलो.  पाणी देल्लं तं अर्धं सदऱ्यावर सांडलं.

मुबीनानं सांगतलं समदं. व्हिडिओ टाकला त्या दिवशी तो घंटाभर मोबाईल हातात घेऊन बसला होता. माह्या फोनची वाट पाहत. कमेंट याले लागल्या तं एकेक वाचत होता, बायकोले वाचून दाखवत होता. माह्यी आली. ते वाचून तो हासला म्हणे. "पाह्य वं, मामूचं पोट दुखलं." मंग मोबाईल बंद करून गव्हाच्या कोठीत टाकून देल्ला. तवापासून मोबाईल तिथीच आहे.

दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मुबीनानं भावाले बोलावलं अन् त्याले बुलढाण्याले सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं नेलं. घरचे म्हणत होते, लोकं काय म्हणतीन. ती म्हणे, "म्हणू द्या. ताप आला तं नेतोच न?" गोळ्या चालू आहेत. एकट्याले सोडत नाहीत. शहाणी पोरगी. एकवीस मिनिटं बी पाहाची गरज पडली नाही तिले, नवऱ्याचं तोंड पाहून समजली.

मी म्हणलं, भेटू का? आत जाऊन आली. "सो रहे है," म्हणे. मले खोलीतून खोकल्याचा आवाज आला.  सीताफळं ठेवली अन् निघालो. तीच सुचली मले, दुसरं काय न्याव ते कळलंच नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

एक गोष्ट कालच लिहाले पाह्यजे होती. लिहाची लाज वाटली.

जून मह्यन्यात तो बियाण्याचा व्हिडिओ टाकाच्या आधी त्यानं मले पाठवला होता. पाह्यला होता मी तवा, पूर्ण. त्यात तो म्हणत होता — "या बियाण्यावर अळी कमी येते असं कंपनीचं म्हणणं आहे. तरी लक्ष ठेवा, अळीचे पतंग धराले कामगंध सापळे लावा." मी त्याले फोन केला अन् म्हणलं, "काय बे असं मिळमिळीत! कमी येते, म्हणणं आहे, तरी — असं कोणी ऐकते का? ठासून सांग. अळी शिवणार बी नाही!"

"पण मामू, तसं पक्कं नाही न."

"अबे, गाडी खामगावले जाईन का इचारलं तं कंडक्टर 'बहुतेक' म्हणते का?"

तो हासला. दुसऱ्या दिवशी तसंच म्हणला. तेच शब्द. लोकं आज त्याले 'शिवणार-बी-नाही शाकिर' म्हणून शिव्या घालतात. शब्द माह्ये अन् तोंड त्याचं. कोणालेच मालूम नाही. त्यानं व्हिडिओत बी सांगतलं नाही, एकवीस मिनिटात एक डाव बी नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. पुष्पानं अनारसे केले. बेल वाजून राह्यली ग्रुपवर, समद्याईचे दिवाळीचे व्हिडिओ. मी एकाले बी हजेरी लावली नाही. कोणी तरी लिहिलं, "मामा, नियम काय फक्त आमच्यासाठी का?"

१४ नोव्हेंबर, मंगळवार

माफीचा व्हिडिओ काढाचा ठरवलं. खाकी शर्ट घातला नाही, साधा सदरा. पुष्पा मोबाईल धरून उभी. पह्यल्यांदा बोललो तं रडू आलं, पण तोंड अंधारात गेलं. म्हणलं, परत घे. दुसऱ्यांदा उजेड बरोबर, पण रडू आलं नाही. तिसऱ्यांदा कुत्रं भुंकलं. चौथ्यांदा मी म्हणलं, "सुरुवातीलेच रडतो, म्हणजे लोकं थांबतीन —"

पुष्पानं मोबाईल खाली ठेवला. "अहो, हे तुम्ही त्याले सांगून राह्यले का लोकाईले?"

तोंडात मारल्यासारखं झालं. चारही पुसून टाकले. माणूस सुधरत नाही. पन्नाशी उलटली, साठी आली, तरी नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आरोहीनं समद्याईले फोनवर एकत्र घेतलं आज. शाकिरचा तो व्हिडिओ तिनं बी आता पूर्ण पाह्यला होता. बत्तीसातले एकोणीस आले. एक जण म्हणे, "आपण ह्या विषयावर समदे मिळून एक सिरीज करू, जोरात चालन." दुसरा म्हणे, शाकिरले समोर आणू. मी इतका वरडलो का शेजारचे पाहाले आले!

मंग बोलत गेलो. खरं खरं. भजनवाली अन्नपूर्णाबाई म्हणे, तिले सहा मह्यने झाले, मोबाईल वाजला का छातीत धडधडते. आरोही म्हणे, लोकं तिच्या भाजीपेक्षा तिच्या रंगावरच बोलतात, ती आंघोळीच्या नळाखाली रडून घेते अन् बाहेर येऊन मसाला दाखवते. मी हिचे तीनशे तरी व्हिडिओ 'पाह्यले' असतीन. हजेरी आहे न माह्यी तीनशेवर!

ठरलं — बेल बंद. ज्याले पाहाचं त्यानं पाहाव, पूर्ण पाहाव, मंगच लिहाव. अन् कोणी चार दिवस दिसला नाही तं कमेंट नाही, फोन. 'कसा आहेस' एवढंच इचाराचं. नियम काढून दोन वर्षं झाले, तेवढा उशीर झाला. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसं. तरी केला.

१९ नोव्हेंबर, रविवार

पिंपळगाव राजाले गेलो परत. मुबीना म्हणे, "आज जागे आहेत."

ओट्यावर बसला होता उन्हात. गाल बसलेले, दाढी वाढलेली. मी बाजूले बसलो. मोठं भाषण पाठ करून गेलो होतो तीन गाड्याईत. एक शब्द आठवला नाही. म्हणलं, "भाच्च्या, मी पाह्यलाच नव्हता रे."

"मालूम आहे मामू."

"'शिवणार बी नाही' हे मी म्हणाले लावलं तुले."

"तोंड तं माह्यंच होतं न."

मंग मी रडलो. उजेड नव्हता पाह्यला, काही नव्हतं पाह्यलं. तो माह्या पाठीवरून हात फिरवत होता. उलटंच! आजारी कोण अन् समजूत कोण घालते! मुबीना चहा ठेवून गेली, तो पार निवला.

माफ केलं का, हे मी इचारलं नाही. त्यानं सांगतलं बी नाही. पण निघताना आपणहून बोलला. म्हणे, "मामू, मी एक गोष्ट कोणाले सांगतली नाही. मोबाईल कोठीत टाकला होता न, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो परत काढला होता. मनात चांगलं नव्हतं काही. म्हणलं, एक डाव पाहू. तं एक कमेंट आली होती. एकानंच पूर्ण पाह्यला होता."

त्याले पाठ होती ती. त्यानं म्हणून दाखवली —

"शाकिरभाऊ, तुम्ही म्हणलं म्हणून नाही, मी माह्या मनानं लावलं बियाणं. माह्यंच का, साऱ्या शिवारात अळी आहे, कोणतंच बियाणं सुटलं नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बायको-लेकराजवळ बसा. मले बी जेवण जात नाही, झोप येत नाही, म्हणून समजते मले. — पंजाबराव."

"त्या माणसानं मले उठवलं मामू," शाकिर म्हणे. "ते वाचलं अन् मीच मुबीनाले म्हणलं का दवाखान्यात चाल. त्याले मी जवाब बी देल्ला नाही. तुम्ही त्याले हुडका. मले त्याच्या हाताले हात लावाचा आहे."

दवाखान्याचं समदं मुबीनानंच केलं असं मी समजलो होतो. घरच्याईसमोर नवऱ्याची लाज राहावी म्हणून तिनं समदं आपल्यावर घेतलं असन. काही असो. घरी येताना खिडकीजवळ बसलो. पह्यल्यांदा भूक लागली. शेगावले उतरून कचोरी खाल्ली.

२० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ती कमेंट काढून पाह्यली. होती. आमच्या एकतीस हजेऱ्याईच्या खाली, शिव्याईच्या मंधात. सहा तारखेले मी पूर्ण कमेंट वाचल्या असं लिहिलं होतं का? वाचल्या नव्हत्या. शिव्या वरच्यावर चाळल्या, आमच्या हजेऱ्या पाह्यल्या, माह्यी पाह्यली अन् तिथीच रडत बसलो. अबे, त्या दिवशी बी मी माह्यंच नाव हुडकत होतो.

पंजाबरावच्या कमेंटले एक दिल नाही, एक जवाब नाही. मी लिहिलं, "भाऊ, तुमचा नंबर द्या, शाकिरले बोलाचं आहे." दिवसभर काही नाही.

त्याच्या नावाजवळ बारीकसा फोटो आहे. बैलजोडी धरून उभा, मिशीवाला, माह्याच वयाचा. मांगं काळ्या दगडाची जुनी मशीद. ही कमान मी पाह्यलेली आहे, मोताळ्याच्या फेरीवर होतो तवा. रोहिणखेड! एकोणतीस वर्षाची कंडक्टरकी कुठी तरी कामी आली.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

रोहिणखेडच्या एका मास्तराईचा नंबर भेटला, माह्या गाडीनं रोज मोताळ्याले येत. फोटो पाठवला. म्हणे, हाव, आमच्या गावचेच, घरचा नंबर काढून देतो.

शाकिरनं मोबाईल चालू केला आज! मुबीनानं कळवलं. दाढी बी केली म्हणे. मी आरोहीले सांगतलं तं ती फोनवरच रडली, अन् या वेळी मी चूप बसून ऐकलं. पुष्पानं साखर वाटली शेजारी. कशाची म्हणून कोणी इचारलं तं सांगे, "भाचा बरा झाला."

२२ नोव्हेंबर, बुधवार

अकराले मास्तराईनं नंबर पाठवला. त्याईले बी काही सांगता आलं नसन, नुसता नंबरच पाठवला. लगेच लावला. बाईनं उचलला.

म्हणलं, पंजाबरावभाऊ आहेत का?

"ते गेले न भाऊ. दिवाळीच्या आठ दिवस आधी. वावरातच."  मंग इचारलं, "तुम्ही त्याईचे कोण लागता?"

काय सांगतलं ते आठवत नाही. फोन ठेवला तं मेसेज येऊन पडलेला होता, शाकिरचा, मह्यन्याभरातला पह्यला —

"मामू, लागला का फोन?"